चार फिल्मा, सहा माग

मालेगावला सहलीला कोणी जात नाही. नाशिकची माणसं सुटीला त्र्यंबक, वणी, भंडारदरा करतात. मालेगावला जातात ती कामाला, लग्नाला, नाहीतर पुढं धुळ्याला जाताना चहापुरती. गेल्या फेब्रुवारीत मी तिथं मुद्दाम राहून आलो. एक फोटो काढायचा होता.

फोटोसाठी एवढा प्रवास कशाला, असं कोणी विचारील, म्हणून आधी कॅमेऱ्याबद्दल सांगतो. माझा कॅमेरा घडीचा आहे. मिटला की लाकडी डब्यासारखा दिसतो. उघडला की पुढं लेन्स, मागं दुधी काच आणि मधे पेटीच्या भात्यासारखा कातडी भाता. भाता पुढंमागं करून फोकस करायचा. दुधी काचेवर चित्र उमटतं ते उलटं, डोकं खाली पाय वर, आणि ते दिसावं म्हणून डोक्यावरून काळं कापड ओढून घ्यावं लागतं. फिल्मही रिळाची नसते, पोस्टकार्डाहून थोडी लहान अशी सुटी पानं असतात. एका होल्डरमध्ये दोन पानं मावतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. तिवई धरून सगळ्याचं वजन साडेनऊ किलो भरतं. मी घरच्या काट्यावर करून पाहिलं आहे.

"पायाला भिंगरी असलेल्या माणसानं एका जागी खिळवणारा कॅमेरा घ्यावा, म्हणजे कमाल आहे," असं आमच्या सौ. म्हणतात. त्यांचं खरं आहे. मला बसवत नाही. जेवतानाही माझा एक पाय हलत असतो. हा कॅमेरा लावला की मात्र अर्धा तास तरी हलता येत नाही. बहुधा म्हणूनच घेतला असेल.

जायचं निमित्त सलीमचं. अंबडच्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे, सलीम टूलरूममध्ये. राहायला नाशिकलाच, पण घर मालेगावचं. एक दिवस डबा खाताना म्हणाला, "देवरेसाहेब, तुमच्या त्या पेटीचा एकदा आमच्यासाठी उपयोग करा. अब्बांचे माग चालले."

त्याच्या वडिलांचे सहा यंत्रमाग. पन्नासेक वर्षं त्यांनी ते चालवले. आता गुडघे साथ देत नाहीत, आणि सलीमसकट तिन्ही मुलांपैकी कोणी त्या धंद्यात नाही. रविवारी भंगारवाल्याचा ट्रक येणार होता.

"मोबाइलवर काढ ना," मी म्हणालो.

"मोबाइलवर खूप आहेत. सगळ्यांत अब्बांची पाठ. मोबाइल वर केला की तोंड फिरवतात. घरात तसबीर नको म्हणतात. पण तुमचं मशीन आहे. त्यांना माणसापेक्षा मशीनचं कौतुक."

"मग लूम सुरू असताना नको. जमीन हादरते, फोटो हलेल. तुमच्याकडं शुक्रवारी बंद असतात ना? शुक्रवारी येतो."

सलीम काहीतरी बोलणार होता, पण भोंगा झाला.

चांदवड

माझ्याकडं फिल्मची चारच पानं उरली होती. दोन होल्डरमध्ये ती नीट भरली, होल्डरवर खडूनं एक ते चार आकडे घातले आणि सलीम आदल्या रात्रीच पुढं गेलेला, म्हणून शुक्रवारी सकाळी एकटाच गाडी घेऊन आग्रा रोडला लागलो. ओझर, पिंपळगाव मागं पडलं. चारही पानं मालेगावसाठी, असं ठरवलं होतं. पण चांदवडला सकाळचं ऊन डोंगराच्या कड्यांवर असं तिरपं पडलं होतं की गाडी आपोआप बाजूला घेतली गेली.

रस्त्याकडेला पेरू विकणाऱ्या एका बाईच्या पाटीशेजारी तिवई लावली आणि कापडात डोकं घातलं. उलट्या डोंगराचं टोक काचेवर स्पष्ट होत होतं, तेवढ्यात कापडाबाहेरून आवाज आला.

"ओ मोजणीवाले भाऊ, आमची जागा जाती का ह्यात?"

मी डोकं बाहेर काढलं. "मोजणी नाही मावशी. फोटो काढतोय."

"फोटो असा काढत्यात व्हय? मागच्या टायमाला बी असंच तीन पायाचं लावलं हुतं. म्हनं काय नाय, नुसतं बघतोय. अन् दोन महिन्यानं माझी टपरी गेली."

"खरंच फोटो आहे. डोंगराचा."

"डोंगर बी नेणार का आता?"

शेवटी तिला कापडाखाली बोलावलं. ती वाकली आणि कापडातूनच ओरडली, "आवं, हे तर सगळं उलटं हाय!" बाहेर आल्यावर तिचा संशय आणखी वाढलेला दिसला. सरकारी माणूसच सगळं उलटं बघतो, असं काहीतरी ती शेजारच्या ऊसवाल्याला सांगत होती. मी फोटो काढला, दोन पेरू घेतले आणि निघालो. राहूड घाट उतरताना वाटलं, पान उगाच घालवलं. तीन उरली.

मालेगाव, शुक्रवार

मालेगावात शिरलं की आधी आवाज येतो, असं सलीमनं सांगितलं होतं. मी गेलो त्या दिवशी आवाज नव्हता. गल्ल्यांमधून पांढरेशुभ्र कपडे घातलेली माणसं मशिदीकडं निघालेली, दुकानं अर्धी मिटलेली, आणि कारखान्यांच्या बंद दारांखालून कापसाची लव बाहेर आलेली. मला बरं वाटलं. जमीन एकदम स्थिर. हवं तेवढा वेळ शटर उघडं ठेवा.

सलीमचे अब्बा दारातच उभे होते. उंच, वाळके, मेंदी लावलेली दाढी, कडक इस्त्रीचा कुर्ता. नमाजला निघाले होते. सलीमनं माझी ओळख करून दिली तसे ते थांबले.

"देवरे? म्हंजे तुमी कोठला?"

"सटाण्याजवळचे आम्ही. आता नाशिकला."

त्यांचा चेहरा उजळला आणि ते सरळ अहिराणीत सुरू झाले. "मंग आपलाच शेतस! ये, बठ. मी तठला बाजारले ईस वरीस लुंगड्या इकेल शे." सटाण्याच्या बाजारात वीस वर्षं त्यांनी कापड विकलं होतं म्हणे. मला माझ्या आजोळच्या ओट्यावर बसल्यासारखं झालं. घरात कित्येक वर्षांत अहिराणी कोणी बोललेलं नाही. सौ. नाशिकच्या आणि मुलांना ती गंमत वाटते.

"बरं झालं आज आलो," मी म्हणालो. "आज माग बंद आहेत, त्यामुळं फोटो..."

"कोन सांगस बंद शेतस?" ते एकदम ताठ झाले. "बंद नई. आज जुम्मा शे, सुटी शे. बंद तं रविवारपासून."

सलीमनं खाली पाहिलं. अब्बा निघून गेले.

नमाजनंतर जेवण झालं. मटण, मोठ्या पातेल्यात भात, कांदा, लिंबू, आणि पडद्यामागून अम्मींचा सारखा आग्रह: "सलीम, भाऊंच्या ताटात बघ." आमच्याकडं पाहुण्याला वाढणारी बाई समोर उभी राहून आग्रह करते. इथं ती दिसत नाही, पण ताट रिकामं झालेलं तिला बरोबर कळतं. मी भरपूर जेवलो आणि लगेच कारखाना पाहायला उठलो. अब्बा म्हणाले, "एवढी घाई? जेवणावर थोडं पडा." मी म्हणालो, पडवत नाही. ते म्हणाले, "मलेबी."

कारखाना म्हणजे घरामागची लांब खोली. दोन्ही बाजूंना तीन-तीन माग, वर पत्रा, त्यात मधे मधे फायबरचे पत्रे, त्यातून उजेड. सगळ्यावर पांढरी लव. मागावर अर्धवट विणलेलं कोरं कापड तसंच ताणलेलं. मी आनंदानं तिवई लावली, भाता उघडला, फोकस केला. सहाही माग काचेत बसले, उलटे, पण शेवटच्या मागाचा बोल्टसुद्धा भिंगातून दिसत होता. उजेड कमी, म्हणून शटर आठ सेकंद उघडं ठेवावं लागणार. स्थिर जमिनीवर आठ काय, अठराही चालले असते.

"अब्बा, या मागाजवळ उभे राहा."

ते आले नाहीत. दारातच उभे राहिले.

"साहेब," आता ते जपून मराठीत बोलत होते, "माग थांबून उभा असताना कारीगर त्याच्याजवळ उभा राहिला, तर लोक म्हणतील काम नाही. असा फोटो मला नको. माझ्या मागं मुलांनी काय बघायचं, की अब्बा रिकामा उभा होता?"

"अब्बा, चालू असला की सगळं हलतं," सलीम म्हणाला. "फोटो येणार नाही."

"नाही येणार तर नाही येणार."

"एकदाच. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी सहा माग चालवले ना? आता फोटो पण माझ्या मर्जीचा नाही का?"

सलीम बाहेर निघून गेला. मी कापडात डोकं घालून फोकस पुन्हा तपासत बसलो. तपासायचं काही उरलेलं नव्हतं, पण बाहेर तोंड दाखवायची सोय नव्हती. मग कॅमेरा मिटला.

संध्याकाळभर आम्ही गावात फिरलो, म्हणजे सलीम फिरला आणि मी त्याच्यामागं. मालेगावकर चहा अर्धा अर्धा कप पितात, पण तासाला दोनदा. प्रत्येक हॉटेलात ओळखीचं कोणी भेटायचं आणि विचारायचं, "अब्बांचे माग गेले?" सलीम म्हणायचा, "परवा." चौथ्या हॉटेलात तो म्हणाला, "साहेब, मला टूलरूममध्ये लागून आठ-नऊ वर्षं झाली. अब्बा एकदाही म्हणाले नाहीत की माग सांभाळ. म्हणाले असते तर मी भांडलो असतो. आता भांडायला काहीच नाही." मग चहा संपवून लगेच उठला. तोही बसणारा माणूस नव्हता.

मालेगाव, शनिवार

सकाळी आवाजानं जाग आली. आधी वाटलं पाऊस, फेब्रुवारीत! मग कळलं, गल्ली सुरू झाली. शेजारचे, समोरचे, मागच्या बाजूचे सगळे माग एकाच वेळी. पलंगाशेजारचा पाण्याचा पेला थरथरत होता. मी पेल्यातल्या पाण्याच्या वर्तुळांकडं पाहत राहिलो आणि आठ सेकंदांचा हिशेब मनातल्या मनात सोडून दिला.

अब्बा कारखान्यात होते. आज साधी लुंगी, बनियन, खांद्यावर कापड. त्यांनी एकच माग सुरू केला होता, दाराजवळचा. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडं आपटत होता, खटाक खटाक. बाकीचे पाच शांत होते.

"एवढंच सूत राहिलं," ते ओरडून म्हणाले. आवाजात ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. "हे कापड उतरलं की झालं. आता काढा फोटो, चालू आहे."

मी तिवई लावली. काचेवर चित्र पाण्यातल्या सावलीसारखं थरथरत होतं. आमच्या तपासणी खोलीत मोजमापाची यंत्रं रबराच्या जाड पट्ट्यांवर ठेवतात. सलीमला म्हटलं, रबर आण. त्यानं जुन्या टायरचे तुकडे आणले, तिवईच्या तिन्ही पायांखाली दिले, वर तिवईच्या मधोमध दगड टांगला. थरथर पुरती गेली नाही, पण मागाचा लोखंडी सांगाडा काचेवर स्थिर दिसायला लागला. हलत होता तो फक्त धोटा आणि सूत ठोकणारी फणी. ते हलणारच.

अब्बांना कुतूहल आवरेना. त्यांनी माग थांबवला आणि विचारलं, "बघू का?" मी कापड त्यांच्या डोक्यावरून घातलं. ते बराच वेळ आत होते. बाहेर आले ते हसत.

"सगळा कारखाना उलटा टांगला साहेबांनी."

"तसाच दिसतो. फोटो सरळ येतो."

"असू द्या उलटाच. उद्या ट्रकवाला तेच करणार." मग सलीमकडं वळून, "तू बी ये बघायला. बापाचं राज्य डोक्यावर पडलेलं बघ."

सलीमही कापडाखाली गेला. तो बाहेर आला तेव्हा हसत नव्हता.

आता क्रम सांगतो, कारण या कॅमेऱ्यात क्रम चुकला की संपलं. शटर उघडं ठेवून फोकस करायचा. मग शटर मिटायचं. मग होल्डर घालायचा. मग होल्डरची झडप ओढायची, म्हणजे फिल्म लेन्ससमोर उघडी होते. मग शटर सोडायचं. मी फोकस केला, आणि पडद्यामागून चहा आला. अम्मींचा चहा परत पाठवायचा नसतो, हे मला कालच कळलं होतं. एका हातात बशी, दुसऱ्या हातानं होल्डर घातला, झडप ओढली. ओढतानाच कळलं की शटर मिटलेलंच नाही. फिल्मवर भर उजेड पडला. एक पान गेलं, आणि चहाही गार झाला.

दुसऱ्या पानाला सगळं बरोबर केलं. अब्बांना उभं राहायला जमिनीवर खडूची खूण करून दिली आणि सांगितलं, माग चालू ठेवा, तुम्ही मात्र हलू नका, माझ्याकडं बघा. त्यांनी बघितलं. पहिल्यांदाच, सलीम नंतर म्हणाला, त्यांनी कॅमेऱ्याकडं तोंड केलं. मी शटर उघडलं आणि मोजायला लागलो. चौथ्या सेकंदाला त्यांची मान मागाकडं वळली, पाचव्याला ते चित्राबाहेर होते.

"अब्बा!" सलीम ओरडला.

"अरे, चालू मागाकडं पाठ करून उभं राहता येतं का? कापड बिघडेल."

"उद्या भंगारात जाणाऱ्या मागाचं कापड बिघडलं तर काय होतंय?"

अब्बा पुन्हा सुताकडं वळले. माग चालूच होता. त्या दोघांमधून मला पळून जावंसं वाटत होतं. एकच पान उरलं होतं. आता मी म्हणालो असतो की माग थांबवा, तर कदाचित पाहुण्यासाठी त्यांनी थांबवलाही असता. जिभेवर आलं होतं.

त्याऐवजी म्हणालो, "अब्बा, मी आहे हे विसरा. खूण सोडू नका, बाकी तुमचं काम करा."

"मग फोटो हलेल," सलीम म्हणाला.

"हलू दे."

पुन्हा फोकस केला. मागावरच्या ताणलेल्या सुतावर, जिथं त्यांचा हात येत होता तिथं. बाकी खोली थोडी धूसर झाली तरी चालेल असं ठरवलं. शटर मिटलं, मोठ्यानं म्हणालो, "मिटलं." होल्डर घातला. झडप ओढली. केबलचं बटण दाबून धरलं. दाबून ठेवलं की शटर उघडं, सोडलं की बंद.

एक, दोन, तीन. अब्बा सुताकडं बघत होते. चार. काहीतरी तुटलं. मला दिसलं नाही, त्यांना दिसलं. त्यांचा हात दांड्यावर गेला आणि माग थांबला. ते वाकले, तुटलेल्या धाग्याचं टोक शोधलं, दुसरं टोक धरलं, आणि गाठ मारायला लागले. गाठ मारताना माणूस हलत नाही. श्वासही धरतो बहुतेक. भिंतीपलीकडच्या मागांचा आवाज चालू होता, पण या खोलीत एकही गोष्ट हलत नव्हती. आठ सेकंद केव्हाच झाले होते. माझा अंगठा बटणावर होता. हिशेबाप्रमाणे सोडायला हवा होता. सोडला नाही. त्यांनी गाठ ओढली, उरलेलं टोक दातानं तोडलं, मान वर करून दांडा ओढला, आणि माग पुन्हा सुरू झाला तेव्हा सोडला.

"झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला."

"मधे माग थांबला होता."

"हो."

त्यांचा चेहरा पडला. ते कापड विणत राहिले. दुपारी शनिवार म्हणून अम्मींनी माझ्यासाठी वेगळी शेवभाजी केली होती, डोळ्यांत पाणी येईल इतकी तिखट. मी जेवलो आणि निघालो. निघताना मागाचा आवाज येत होता, तो गल्लीच्या आवाजात मिसळेपर्यंत मी काच खाली ठेवली.

नाशिक

फिल्म न्हाणीघरात, पूर्ण अंधारात धुवावी लागते. सौ. बाहेरून विचारत होत्या, "अहो, किती वेळ? मला कपडे भिजवायचेत." मी आत ट्रे हलवत होतो. दिवा लावायची घाई करू नये म्हणून डावा हात मुद्दाम पाठीमागं धरला होता.

निगेटिव्ह जरा दाट आली होती, पण आली होती. छपाईला आणखी पंधरवडा गेला.

तोवर अब्बा-अम्मी सलीमकडं सिडकोत राहायला आले होते. रविवारी फोटो घेऊन मी आणि सौ. गेलो. अब्बा गॅलरीत खुर्चीवर होते, उठत होते, बसत होते, कठड्याला हात लावून पुन्हा उठत होते. "रातले झोप नई लागस," ते मला म्हणाले. "आवाजच नई शे." सलीमनं त्यांच्यासाठी मोबाइलवर मागाचा आवाज लावून पाहिला होता. त्यांनी तो बंद करायला लावला होता.

मी फोटो त्यांच्या हातात दिला.

त्यात फणी आणि धोट्याच्या जागी पांढरट धूर आहे, आणि त्या धुरातून तीच फणी, स्थिर, स्पष्ट. चेहरा वाकलेला, बाजूनं, भुवईचे केससुद्धा मोजता येतील. बोटं मात्र जरा पुसट, कारण गाठ मारत होती. मागचे पाच माग धूसर. खाली कोपऱ्यात लवेचे दोन काळे ठिपके, ते माझ्याकडून फिल्मवर राहिले.

सलीमनं मागून वाकून पाहिलं. "अब्बा, तुमचा चेहरा आला," तो म्हणाला, आणि मग भीतभीत, "माग बंद दिसतोय, पण चेहरा आला."

अब्बांनी फोटो उजेडाकडं धरला. बराच वेळ बघितला. मग बोट टेकवलं, चेहऱ्यावर नाही, सुतावर.

"बंद नई शे हाऊ," ते म्हणाले. "धागा जोडाले थांबेल शे."